बीपीची गोळी खरंच ‘डोक्यावर जाते’ का? वरकुट्याच्या घराघरांतल्या एका भीतीचा हिशेब

बारामती-इंदापूर भागात बीपीची गोळी आता चहा-साखरेइतकी घरातली झाली आहे. वरकुट्यात काय किंवा शेजारच्या कुठल्याही गावात काय, दादीच्या पानदानात, अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात, फ्रिजवरच्या डब्यात, कुठं ना कुठं ते पाकीट सापडतंच. पाकिटासोबत एक वाक्यही सापडतं. मराठीत ते ‘बीपीची गोळी डोक्यावर जाते’ असं असतं आणि घरात आपण बोलतो त्या दखनीत ‘ये गोली सर पे चढती’. गोळी सुरू झाली आणि दादी चिडचिड करायला लागली, अब्बा नमाजेत रकात विसरायला लागले, खाला दिवसभर पडून राहायला लागल्या, की हे वाक्य निघतं. पुढं बहुतेक वेळा काय होतं ते आम्ही शिक्षक म्हणून पालकांच्या घरी जाता-येता पाहत आलो आहोत. कुणाला न सांगता गोळी बंद होते. डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘घेते की रोज.’

ही गुपचूप बंद होणारी गोळी हा आता फक्त घरातला मामला राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च रक्तदाबावरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२४ साली जगात सुमारे १४० कोटी लोकांना रक्तदाबाचा त्रास होता आणि त्यातल्या जेमतेम पाचातल्या एकाचाच दाब आटोक्यात होता. आपल्या देशापुरतं बोलायचं तर आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांमधलं प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढं निघालं, म्हणजे तिघांत एक. सरकारनं काही केलं नाही असंही नाही. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला. त्यात आपल्या शेजारचा सातारा जिल्हाही पहिल्या फळीत होता. कल्पना साधी होती. औषधं मोजकीच ठेवायची, सगळीकडे तीच द्यायची, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्यायच्या आणि त्याही गावाजवळच्या केंद्रात. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

म्हणजे गोळी दारापर्यंत आली. दारातून पोटात जाईपर्यंतच्या वाटेत ती अडते आहे, आणि अडण्याचं एक मोठं कारण ‘डोक्यावर जाते’ हे वाक्य आहे. ते खोटं आहे म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण ते पूर्ण खोटं नाही, म्हणून थोडं खोलात जायला हवं.

भीती आली कुठून?

ही भीती आपल्या लोकांनी हवेतून आणलेली नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात युनानी हकिमांचा आणि मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. युनानी हकीम तिला असरौल म्हणतात. बिहारकडे तिच्या मुळीला लोक सरळ ‘पागल की दवा’ म्हणत, कारण वेडाच्या भरात आरडाओरडा करणारा माणूस ती घेऊन शांत व्हायचा. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांनी युनानी औषधांची आधुनिक रसायनशास्त्राच्या पद्धतीनं तपासणी व्हावी असा ध्यास घेतला आणि त्यासाठी सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून घेतलं. हकीमसाहेबांचं १९२७ मध्ये निधन झालं. १९३१ साली सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाचं नाव हकीमसाहेबांच्या आठवणीत ‘अजमलिन’ ठेवलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यक मंडळींनी लेख लिहून सांगितलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालते. एकच मुळी, डोक्यावरही आणि दाबावरही. आमच्या मते ‘डोक्यावर जाते’ या वाक्याचं मूळ इथंच आहे.

पुढं १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या वापराचे आपले अनुभव छापले. सगळ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शोधून काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. बीपीवर रोज घेता येईल अशी गोळी जगाला मिळाली, तीही आपल्या मातीतल्या मुळीतून.

पण लवकरच तक्रारी यायला लागल्या. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत होते, बोलेनासे होत होते, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येत होते. शास्त्रज्ञांनी पाहिलं तर हे औषध मेंदूच्या पेशींतले सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन यांचे साठे रिकामे करत होतं. मेंदूत ही रसायनं कमी पडली की मन खचतं, हा उदासीच्या आजारासंबंधीचा सिद्धांत पुढं आला त्यात या निरीक्षणाचा मोठा हात होता. रेसर्पिनमुळं खरंच किती जणांना उदासी आली यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या काळी डोसही आजच्या मानानं भरमसाट असायचे, हेही सांगायला हवं. तरी बदनामी झाली ती झालीच. आपल्याकडे रेसर्पिन असलेली ‘अॅडेल्फेन’ ही गोळी अनेक दशकं विकली गेली. नाना-नानींच्या पिढीनं ती घेतली आहे. तेव्हा घरातल्या बुजुर्गांनी ‘बीपीची गोळी घेऊन अमुक माणूस गप्पगप्प झाला’ असं सांगितलं, तर ते थापा मारत नसतात. ते त्यांच्या काळातलं सांगत असतात. गोळी बदलली, वाक्य मात्र तेच राहिलं.

आजच्या पाकिटात काय असतं?

आज आपल्या भागात सरकारी केंद्रातून जी गोळी बहुधा पहिली मिळते ती अॅम्लोडिपीन. दाब आटोक्यात नाही आला की तिच्या जोडीला टेल्मिसार्टन आणि मग लघवीवाटे पाणी-मीठ बाहेर काढणारी गोळी, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. खासगी दवाखान्यात याच औषधांच्या जोडगोळ्या मिळतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात खरं औषध. नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर बहुतेक वेळा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन, ‘एएम’ असेल तर अॅम्लोडिपीन. ही अक्षरं घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलानंही वाचून दाखवावीत एवढी कामाची आहेत.

मन आणि डोकं यांच्या बाबतीत अॅम्लोडिपीन आणि टेल्मिसार्टन ही त्यातल्या त्यात गरीब औषधं आहेत. अॅम्लोडिपीननं पाय सुजतात, कधी डोकं दुखतं. उदासीशी त्यांचा संबंध जोडणारा पक्का पुरावा नाही. डेन्मार्कमध्ये लाखो लोकांच्या सरकारी नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास छापला गेला. रक्तदाबाची ४१ औषधं त्यात पाहिली. एकाही औषधानं उदासीचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट नऊ औषधं घेणाऱ्यांत तो थोडा कमी दिसला, आणि त्या नवांत अॅम्लोडिपीन, एनालाप्रिल, रामिप्रिल होती. हा नोंदींचा अभ्यास होता, त्यामुळं बीपीची गोळी उदासीवर चालते असा अर्थ कुणी काढू नये. पण गोळीनं मन खचतं या भीतीला तो मोठा छेद देतो.

बीटा ब्लॉकर नावाचा दुसरा गट आहे: अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल. नाडी मंद करणारी ही औषधं उदासी आणतात असं वर्षानुवर्षं खुद्द डॉक्टरही मानत आले. बर्लिनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २८५ चाचण्या आणि ५३ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. उदासीचा आरोप टिकला नाही. मात्र विचित्र स्वप्नं पडणं आणि झोप मोडणं हा संबंध खरा असू शकतो असं त्यांना आढळलं. हे महत्त्वाचं आहे. रात्री भयानक ख्वाब पडतात म्हणून एखादी आपा चार वाजता उठून बसत असेल, तर तिच्या पाकिटावर प्रोप्रानोलॉल आहे का ते पाहावं. हे औषध चरबीत विरघळतं, त्यामुळं मेंदूभोवतीचा पहारा ओलांडून सहज आत जातं. अॅटेनोलॉल पाण्यात विरघळणारं, ते कमी जातं. गोळी बदलून हा त्रास सुटू शकतो. त्यासाठी तो डॉक्टरांच्या कानावर घालायला मात्र हवा.

सुस्ती आणणारी औषधंही आहेत. क्लोनिडीन त्यातलं एक. तोंड कोरडं पडतं, माणूस डुलक्या घेतो. ते एकदम बंद केलं तर दाब उसळी मारून वर जातो. बीटा ब्लॉकर अचानक सोडली तरी छाती धडधडते, हृदयाचा आजार असेल तर जास्तच धोका. ‘सर पे चढती’ म्हणून एका दिवसात गोळी फेकून देणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

बाळंतिणींसाठीही एक गोष्ट इथंच सांगतो. गरोदरपणात बीपी वाढलं तर मिथाइलडोपा दिलं जातं. बाळासाठी ते सुरक्षित मानलं जातं, म्हणून चांगलंच आहे. पण या औषधानं मन खाली जाऊ शकतं, त्यामुळं बाळंतपण झाल्यावर एक-दोन दिवसांत ते बदलून दुसरं द्यावं असा सल्ला ब्रिटनसारख्या देशांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्याकडे चाळीस दिवस बाळंतीण घरात असते. ती रडते, बोलत नाही, बाळाकडे पाहत नाही, आणि सासू म्हणते थकली असेल. डिस्चार्जच्या कागदावर मिथाइलडोपा तसंच चालू ठेवलेलं असेल तर त्याबद्दल विचारायलाच हवं.

मीठ उतरतं तेव्हा

‘डोक्यावर जाते’ हे वाक्य जिथं सगळ्यात जास्त खरं ठरतं ती गोळी पाणी काढणारी. आणि नेमका तिचाच संशय कुणाला येत नाही, कारण लोक तिला ‘साधी लघवीची गोळी’ समजतात.

चित्र साधारण असं असतं. सत्तरीच्या आसपासची, अंगानं बारीक बाई. उन्हाळ्याचे दिवस. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलंय म्हणून घरच्यांनी तिची भाजीच अळणी केलेली. भूक नाही, जेवण अर्धी भाकरी, वर ‘पाणी भरपूर प्या’ म्हणून तांब्याभर पाणी. त्यात दोन दिवस जुलाब होतात. पाणी काढणारी गोळी मात्र रोज चालूच. मग ती गळून जाते, मळमळतं, चालताना तोल जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नातवाला मुलाच्या नावानं हाक मारते, रात्री उठून ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणते, नसलेल्या माणसांशी बोलते.

अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव कुठं जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं ‘असर’ झालाय. आमिलाकडे नेतात, पाणी दम करून आणतात. दुआ करायला कुणाची हरकत नाही, असूही नये. पण त्या बाईच्या रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असायला हवं. खाली गेलं की मेंदूच्या पेशींना सूज येते आणि माणूस बरळतो. फार खाली गेलं तर झटके येतात, जीवही जातो. एका साध्या रक्ततपासणीत ते कळतं. वय जास्त, वजन कमी, बाईमाणूस आणि थायझाइड गटातली गोळी, असं एकत्र आलं की धोका वाढतो. गोळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लक्ष ठेवावं लागतं, पण उन्हाळा, जुलाब, उलट्या यांत ते कधीही होऊ शकतं.

यावर घरच्या घरी मीठपाणी पाजणं हा उपाय नाही. उतरलेलं सोडियम घाईनं वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून रुग्णालयात ते मोजून-मापून वर आणतात. इंदापूरला आणि बारामतीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रात्री दोन वाजता ‘दादी बरळतेय’ असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नये. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो झटका असू शकतो, तेव्हा थेट १०८.

आणखी एक गोष्ट लोक बीपीच्या गोळीच्या नावावर खपवतात: झोपेची गोळी. दादीला झोप येत नाही म्हणून कुठून तरी अल्प्राझोलाम आणलेली असते. म्हातारपणी ही गोळी विसराळूपणा आणते, पाडते, गोंधळ उडवते. दोष मात्र बीपीच्या पाकिटावर जातो. तेच गुडघ्यांच्या गोळ्यांचं. दुखणं मारणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी दाब वाढतो, मग बीपीची गोळी वाढते, मग चक्कर येते. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही.

गोळी न घेता काय होतं?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग नकोच ती गोळी. त्या माणसाला उलट बाजूही पाहावी लागेल, आणि ती जास्त जड आहे.

वाढलेला दाब मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू कडक करतो, बुजवतो. मेंदूत लहान लहान झटके येऊन जातात, कळतही नाहीत. माणूस हळू होतो, हिशेब चुकतो, रस्ता विसरतो. चाळिशी-पन्नाशीत दुर्लक्षिलेला दाब सत्तरीत स्मृतिभ्रंश म्हणून वसूल होतो. म्हणजे ज्या भीतीपोटी गोळी टाकली, तीच गोष्ट गोळी टाकल्यानं जवळ येते.

याचा पुरावा आता बराच भक्कम झाला आहे. अमेरिकेत ९,३०० हून जास्त लोकांवर झालेल्या स्प्रिंट चाचणीचे मेंदूसंबंधीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा दाब १२० च्या खाली आणलेल्या गटात सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ती चाचणी ठाम बोलू शकली नाही. ती कसर चीननं भरून काढली. तिथल्या ३२६ खेड्यांत जवळपास ३४ हजार लोकांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२५ मध्ये छापून आले. निम्म्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या दिल्या, दाब मोजला, पाठपुरावा केला. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी होता. आम्हाला हा आकडा अमेरिकेच्या आकड्यापेक्षा जवळचा वाटतो, कारण तो खेड्यातला आहे आणि काम करणारे गावचेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी नवे नियम काढले, त्यात स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी रक्तदाबावर उपचार करा असं स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरात सात. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. वरकुट्यातल्या, लासुर्ण्यातल्या, निमगावातल्या कुठल्याही दादीचं हे वर्णन आहे. शाळेत न गेलेल्या बाईचा मेंदू आधीच कमी शिल्लक बाळगून असतो, असं शास्त्रज्ञ म्हणतात. तिच्या गोळीची काळजी म्हणूनच जास्त घ्यायला हवी. आपल्या घरांत मात्र तीच गोळी सगळ्यांत आधी बंद होते, कारण पैसे, वेळ आणि दवाखान्याची फेरी या सगळ्यांत तिचा नंबर शेवटचा असतो.

याचा अर्थ दाब जितका खाली तितकं चांगलं, असाही नाही. ऐंशीच्या पुढच्या, वाळलेल्या, सारख्या पडणाऱ्या माणसाचा दाब फार खाली नेला तर उठताना भोवळ येते. त्यांचा दाब बसून आणि उठून उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगावा. आणि नव्यानं गोळी सुरू झालेल्यानं पहिले दोन-तीन आठवडे थोडं जड, थोडं गरगरल्यासारखं वाटलं तर दम धरावा. वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या शरीराला खालच्या दाबाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. ज्या घरांत गोळी आठ दिवसांत बंद होते, ती नेमकी याच दिवसांत बंद झालेली असते.

‘दिल घबराता’ म्हणजे नक्की काय?

उर्दू आणि मराठी दोन्हींत वावरणाऱ्या आम्हा लोकांना दवाखान्यात एक गोष्ट नेहमी खटकते. आपल्या बायका घरी दखनी बोलतात आणि डॉक्टरांसमोर मराठी. ‘दिल घबराता’ याचं त्या मराठी करतात ‘घाबरल्यासारखं होतं’. पण दखनीतल्या त्या दोन शब्दांत छाती धडधडणं येतं, गुदमरणं येतं, मन उदास होणं येतं, कधी नुसती भूक लागून कसंतरी होणंही येतं. डॉक्टरांच्या हाती फक्त ‘घाबरणं’ लागतं. तसंच ‘सर भारी’. ते दुखणं आहे, गरगरणं आहे, सुस्ती आहे की काही सुचत नाही असं आहे? प्रत्येकाचा उपचार वेगळा. दोन मिनिटांच्या भेटीत हा उलगडा होत नाही, आणि मग एकतर झोपेची गोळी मिळते नाहीतर बीपीची वाढते.

सोबत गेलेल्या मुलानं किंवा सुनेनं इथं दुभाषा व्हावं. दादीच्या वतीनं ‘काही नाही, ठीक आहे’ असं बोलून टाकू नये. कधीपासून होतंय, गोळीच्या आधी होतं का, दिवसाच्या कुठल्या वेळी, उठल्यावर की बसल्यावर, हे घरीच विचारून कागदावर लिहून न्यावं. गोळी खरोखर किती दिवस घेतली तेही खरं सांगावं. खरं न सांगितल्यानं डॉक्टर दुसरी गोळी वाढवतात, आणि मग एखाद्या दिवशी दोन्ही एकदम घेतल्या जातात.

रमजानबद्दल थोडक्यात. रोजात गोळी चुकते, हे दुसरं मोठं कारण. अॅम्लोडिपीन शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळते, दिवसातून एकदाच घ्यायची असते, ती इफ्तारला सरकवणं सहसा अवघड नसतं. पाणी काढणारी गोळी आणि दिवसातून दोनदा-तीनदा घ्यायच्या गोळ्या यांचा प्रश्न वेगळा आहे. तो रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे नेलेला बरा. आजारी माणसाला रोजाची सवलत सूरह बकरात आहे, हे आपल्या बुजुर्गांना माहीत असतं. तरी त्या सवलतीची त्यांना लाज वाटते. मशिदीच्या इमामसाहेबांनी शाबानच्या एखाद्या जुम्याला यावर पाच मिनिटं बोलावं, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न कागदावर आहे, तोंडावर नाही

शेवटी सरकारी यंत्रणेकडे येऊ. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक अर्ज भरतात. तंबाखू, कंबरेचा घेर, घरातले आजार हे त्यात असतंच. पण गेल्या काही वर्षांपासून त्यात मनाबद्दलही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, मन उदास राहिलं का. म्हाताऱ्या माणसांसाठी तोल जातो का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतं का, हेही विचारायचं असतं. म्हणजे दिल्लीत बसून अर्ज बनवणाऱ्याला हे सुचलेलं आहे.

अडचण अशी की हे प्रश्न तपासणीच्या टप्प्यावरचे आहेत. गोळी त्यानंतर सुरू होते. पुढं दर महिन्याला कार्डावर दाबाचा आकडा चढतो, गोळ्या मिळतात, सही होते. आकडा १४०/९० च्या आत आला की केंद्राच्या दृष्टीनं काम फत्ते. तो आकडा आणताना माणसाची झोप गेली का, चिडचिड वाढली का, याला कार्डावर रकाना नाही. कार्यक्रम आकड्यावर जोखला जातो म्हणून सगळे आकडा विचारतात. आशाताईंना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना यात दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्या डोक्यावर रजिस्टरं किती आहेत ते शाळेतली रजिस्टरं भरणाऱ्या आम्हाला चांगलं कळतं. पण तेच दोन-तीन प्रश्न गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आणि नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारले, तर गुपचूप बंद होणाऱ्या कितीतरी गोळ्या वेळेत पकडता येतील. पाणी काढणारी गोळी घेणाऱ्या साठीपुढच्या लोकांची सोडियमची तपासणी उन्हाळ्याआधी व्हावी, हेही मागण्यासारखं आहे. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. गावात हा क्रमांक कुठं लिहिलेला दिसत नाही.

प्रत्येक गावात आरोग्य आणि पोषणाची एक ग्रामसमिती कागदावर असते. तिच्या बैठकीत आपल्या मोहल्ल्यातली किती माणसं बसतात ते ज्यानं त्यानं आपल्या गावात पाहावं. पुढच्या बैठकीला मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुली जाऊ द्या, आणि जाताना आपापल्या दादीचं कार्ड आणि सगळी पाकिटं सोबत नेऊ द्या.